भंगारातून बनवलेली व्हिंटेज गाडी गरम झाली की बंद पडते, थोडं थांबलं की चालू होते: काय बघायचं आणि कधी बघायचं

जुने पार्ट जमवून जुन्या फॅशनची गाडी बनवली की ही तक्रार हमखास येते. सकाळी पहिल्या सेल्फला चालू, पंधरा-वीस मिनिटं झकास चालते, मग दोन-चार गचके खाते आणि बंद. सेल्फ मारा, चोक ओढा, चार पोरं लावून धक्का मारा, काही उपयोग नाही. मग सगळे वैतागून चहाला जातात आणि परत येऊन चावी फिरवली की गाडी एका सेल्फला चालू, जणू काही झालंच नव्हतं. आमच्या सांगली भागात असल्या गाड्या आता बऱ्याच झाल्यात, लग्नाच्या वरातीला, गणपतीला, फोटोशूटला मागणी असते, आणि त्यातल्या निम्म्याअधिक गाड्यांचं रडगाणं हेच आहे.

लोक करतात काय, तर "गरम झाली की बंद पडते" एवढं ऐकून रेडिएटर बदलतात. मग मोठा फॅन. मग कॉइल. मग कार्बोरेटर खोलून धुतात. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी बरी चालते (का चालते ते पुढे येईलच) आणि मग पुढच्या वरातीत परत तेच.

गोम अशी आहे की "थोडं थांबलं की चालू होते" हे एका बिघाडाचं लक्षण नाहीच, चार वेगवेगळ्या बिघाडांचं आहे. टाकीत व्हॅक्यूम झाला असेल तर थांबल्यावर फटीफटीतून हवा हळूहळू आत शिरते आणि पेट्रोल परत यायला लागतं. पाईपात पेट्रोलची वाफ झाली असेल तर गार होऊन तिचं परत पेट्रोल होतं. टाकीतला गंज आतल्या जाळीला चिकटला असेल तर ओढ थांबली की तो खाली बसतो. आणि कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) नाहीतर तिच्या जोडीचा कंडेन्सर तापून मेला असेल तर तोही गार झाला की जिवंत होतो. चौघे चोर आणि चौघेही तुम्ही चहा प्यायला गेलात की मागच्या दाराने पसार. म्हणून माझं सगळ्यात पहिलं सांगणं हे की गाडी बंद पडली की थांबायचं नाही. बंद पडल्यापासून पहिल्या दोन मिनिटांत जे दिसतं तेच खरं, अर्ध्या तासाने गॅरेजमध्ये नेऊन थंड गाडी तपासली तर मिस्त्री देव असला तरी त्याला काही सापडणार नाही.

गाडी कशी आहे तेही सांगतो म्हणजे पुढचं कळेल. चुलत्यांच्या शेडमध्ये, तासगाव रोडला. बॉडी १९२८ ते १९३१ मधल्या फोर्ड मॉडेल ए सारखी, म्हणजे आपला सांगलीचा आयर्विन पूल १९२९ चा, साधारण त्याच काळातली. पत्रा घरीच ठोकलेला, चॅसी चॅनेलची वेल्ड केलेली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल प्रीमियर पद्मिनीचा, १०८९ सीसी, ज्याला आपल्याकडे सगळे फियाटच म्हणतात. रेडिएटर मारुतीचा. बाकी वायरिंग, मीटर, स्विच, जे मिळेल ते. या सगळ्यात एक गोष्ट लक्षात ठेवा, यातला प्रत्येक पार्ट त्याच्या मूळ गाडीत व्यवस्थित काम करत होता, कंपनीने विचार करून बसवला होता. बिघाड येतो तो एका गाडीचा पार्ट दुसऱ्या गाडीच्या पार्टला जिथे जोडलाय तिथे. म्हणून पार्ट बदलत बसण्याआधी जोड बघा.

तर गाडी बंद पडली. पडताना कशी पडली? हे ड्रायव्हरने लक्षात ठेवायचं, कारण मागे बसलेल्याला ते कळत नाही. चालता चालता खटकन स्विच मारल्यासारखी गेली तर आधी करंट बघा. आचके देत, मिसिंग मारत, रेस दिली की अजून दबत, आणि सोडली की जरा सावरत गेली तर पेट्रोल कमी पडतंय. शंभर टक्के नाही, तापलेला कंडेन्सरसुद्धा मिसिंग मारत जातो, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

आधी टाकीचं झाकण

यात काही पाना लागत नाही, पैसे लागत नाहीत, म्हणून हे पहिलं. बंद पडल्या पडल्या टाकीचं झाकण उघडायचं आणि कान लावायचा. सूंऽऽ करून हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच, गार व्हायची वाट न बघता, गाडी चालू झाली तर चोर सापडला.

गेल्या उन्हाळ्यात एका वरातीत हेच झालं. नवरदेव मागे बसलेला, बेंजोवाले पुढे, गाडी पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने, आणि मंडप शंभर पावलांवर असताना बंद. नवरदेवाचे मामा म्हणाले, "पाहुणं, घोडं आणलं असतं तर बरं झालं असतं." दोन-तीन पोरांनी धक्का मारायला शर्टाच्या बाह्या वर केल्या. काका खाली उतरले, म्हणाले, "थांबा रं, हात लावू नका कुणी," आणि सरळ टाकीचं झाकण फिरवलं. बेंजोच्या आवाजातसुद्धा ती हवा आत गेलेली मला ऐकू आली. काकांनी झाकण उलटं करून उजेडात धरलं, छान पॉलिश केलेलं पितळी झाकण, लेथवर टर्न केलेलं, आत रबराचं वायसर अगदी घट्ट. आणि भोक कुठेच नाही. सेल्फ मारला, कार्बोरेटर भरायला जेवढा वेळ लागला तेवढाच, गाडी चालू. झाकण अर्धवट फिरवून, वर फडकं बांधून नवरदेव मंडपात पोचला.

आता हे असं का होतं बघा. पेट्रोल बाहेर गेलं की तेवढी हवा टाकीत यायला पाहिजे. जुन्या गाड्यांत झाकणालाच बारीक भोक असायचं. पुढच्या गाड्यांत झाकण बंद आणि हवेसाठी टाकीला वेगळा बारीक पाईप, मारुतीच्या टाकीला तो असतो. भंगारातली टाकी आणली की लोक काय करतात, एवढे पाईप कशाला म्हणून जादाचे सगळे बोल्ट घालून बुजवतात, नाहीतर ब्रेझिंग मारतात. वर पितळी शोभेचं झाकण. झाली सीलबंद बाटली. टाकी फुल असताना हा त्रास लवकर येतो कारण वर हवा कमी असते, थोडंसं पेट्रोल गेलं तरी व्हॅक्यूम लगेच वाढतो, आणि अर्धी टाकी असेल तर तीच गाडी बराच वेळ चालते. त्यामुळे "पेट्रोल भरलं की त्रास देते, पंपावरच भेसळ आहे" असा समज होतो आणि बिचाऱ्या पंपवाल्याला शिव्या बसतात.

उपाय, झाकणाला १ मिमी ड्रिलने भोक, आतून थोडं तिरकं म्हणजे पेट्रोल उसळून बाहेर यायला नको. त्यापेक्षा चांगलं म्हणजे टाकीचा मूळ हवेचा पाईप मोकळा करून वर वळवून, तोंड खाली करून, इंजिन आणि सायलेन्सरपासून लांब सोडायचा. टाकी इंजिनाजवळ असेल तर झाकणाच्या भोकातून येणारी वाफ बोनेटखाली जाईल असं अजिबात ठेवू नका, आगीचा खेळ आहे तो.

कार्बोरेटरच्या तोंडात बघा

झाकण उघडूनही गाडी चालू होत नसेल तर एअर फिल्टर काढायचा, इंजिन बंद असताना कार्बोरेटरच्या तोंडात बघत हाताने अ‍ॅक्सिलरेटरची तार एकदा पूर्ण ओढायची. आत पिचकारीसारखी पेट्रोलची बारीक धार उडाली पाहिजे. धार उडाली म्हणजे फ्लोटच्या वाटीत (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साठतं ती वाटी) पेट्रोल आहे, मग पेट्रोलचा नाद सोडा आणि करंटकडे जा. धार नाही, नुसती हवा, म्हणजे वाटी कोरडी. हे बघताना बिडी-सिगरेट कुणाच्या हातात नको, आणि प्लग काढून करंट बघायचं काम याच वेळी शेजारी कुणी करायला नको. गाडीत आग विझवायचा सिलेंडर नसेल तर पुढचं वाचायच्या आधी तो आणा.

वाटी कोरडी असेल तर वाफ नाहीतर कचरा. दोघांना ओळखायची सोपी पद्धत आहे. ओलं फडकं घ्या, पंपावर आणि पंपापासून कार्बोरेटरपर्यंतच्या पाईपवर गुंडाळा, वर थोडं पाणी सोडा. दोन-तीन मिनिटांत चालू झाली तर वाफ. दुसरं म्हणजे वाफेचा त्रास हळू चालताना, उन्हात, गर्दीत, किंवा गाडी बंद करून पाच मिनिटांनी परत चालू करताना येतो. कचऱ्याचा त्रास उलटा, गाडी जोरात पळवली, चढ आला, ओढ वाढली की येतो आणि थंडीतल्या सकाळीसुद्धा येतो. कचऱ्याला तापमानाशी काही देणंघेणं नाही.

वाफेचं गणित असं. पेट्रोल पाण्यासारखं एका ठराविक तापमानाला उकळत नाही, त्यातला हलका भाग ३५-४० डिग्रीलाच उकळायला लागतो. सांगलीत एप्रिल-मे मध्ये सावलीतच ४० होतं, बोनेटखालचं तर विचारूच नका. त्यात पंप जर पेट्रोल लांबून ओढत असेल तर ओढीच्या बाजूला दाब अजून कमी, आणि दाब कमी झाला की पेट्रोल आणखी लवकर उकळतं. पंपाला वाफ ओढता येत नाही, तो आतल्या आत नुसता फडफडतो. म्हणून इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर तो पुढे इंजिनाजवळ नको, मागे टाकीजवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली. हे पंप ढकलायला चांगले, ओढायला कच्चे. पंप निवडताना कार्बोरेटरच्या गाडीचाच घ्या, २ ते ४ पीएसआय दाबाचा. भंगारात इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप स्वस्तात मिळतो म्हणून लावतात, तो ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो, कार्बोरेटरची निडल (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारी सुई) तो धरूच शकत नाही, पेट्रोल वरून ओसंडतं आणि खाली तापलेला सायलेन्सर. सांगायला नको.

आणि पाईप. एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून जेवढा लांब नेता येईल तेवढा, किमान वीतभर. जागाच नसेल तर मधे पत्र्याची आड घाला, पाईप आणि पत्र्यात हवा खेळू द्या. तांब्याचा चकचकीत पाईप बाहेरून दिसायला झकास दिसतो, व्हिंटेज लूक वगैरे, पण तांबं उष्णता पटकन घेतं, आणि इंजिन हलतं नि चॅसी हलत नाही त्यामुळे तो कडक होऊन चिरतो. स्टीलचा पाईप, आणि चॅसीवरून इंजिनवर जाताना रबराचा तुकडा.

इथेच मॉडेल ए ची नक्कल करणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट, कारण यात बरेच जण फसलेत. मूळ मॉडेल ए ला पेट्रोल पंप नव्हताच. टाकी समोरच्या काचेच्या खाली, डॅशबोर्डला लागून, आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने खाली कार्बोरेटरला. फोटो बघून लोक तशीच टाकी करतात आणि पंप लावत नाहीत, ओरिजिनल म्हणून. पण त्या फोर्डचं कार्बोरेटर इंजिनाच्या बाजूला खाली होतं, हवा खालून वर ओढणारं, त्यामुळे टाकी आणि कार्बोरेटरमध्ये उंचीचा चांगला फरक मिळायचा. आपण वापरतो ते कार्बोरेटर इंजिनाच्या वरच्या अंगाला बसणारं. टाकीचा तळ आणि फ्लोटची वाटी यांत फरक राहतो कसाबसा वीतभर. एक फूट उंचीच्या पेट्रोलचा दाब होतो साधारण ०.३ पीएसआय, मग वीतभराचा किती ते बघा. आपल्या कार्बोरेटरची निडल पंपाच्या २-३ पीएसआयच्या हिशोबाने केलेली, तिचं भोक बारीक. रिकाम्या रस्त्याला, हळू, गाडी चालते. चढावर आणि जोरात चालवली की वाटी रिकामी. हा दोष ना टाकीचा ना कार्बोरेटरचा, जोडाचा आहे. मोठ्या भोकाची निडल-सीट टाका किंवा सरळ कमी दाबाचा पंप लावा आणि दिसणार नाही असा लपवा. आणि टाकी उंचावर आहे म्हटल्यावर तळाला कॉक पाहिजेच, गाडी उभी केली की बंद करायचा, नाहीतर निडलमध्ये जरा कण अडकला की रात्रभर सगळं पेट्रोल इंजिनात.

कचरा, गंज आणि आपल्याच उसाचं पेट्रोल

भंगारातली टाकी बाहेरून कितीही रंगवा, आत बॅटरी मारून बघा. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकी आतून गंजलेलीच असते. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने काही कमी नाहीत, ऊस आपला, इथेनॉल आपलं, तक्रार कुणाकडे करणार. पण जुन्या गाडीवाल्यांनी तीन गोष्टी लक्षात घ्यायला पाहिजेत. पहिली, इथेनॉल जुन्या टाकीतला चिकटा सोडवून पुढे पाठवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर सारखा तुंबतो. दुसरी, ते पाणी ओढतं, आणि गाडी दोन लग्नांच्या मधे महिना-महिना उभी, म्हणजे तळाला पाणी आणि नवीन गंज. तिसरी, जुना रबर पाईप आतून फुगतो आणि त्याचे पापुद्रे निघतात, बाहेरून पाईप नवा दिसतो आणि आत भोक निम्मं झालेलं असतं, हात लावून कळत नाही, कापूनच बघावा लागतो. पाईप घेताना त्यावर एसएई जे३० आर९ लिहिलेला मागा, मीटरला महाग पडतो, पण लागतो तो दोन-अडीच फूट.

आता मघाचं कोडं. कार्बोरेटर धुतला की दोन दिवस गाडी बरी का चालते? कारण धुवायला काढताना पाईप सुटतो, जाळीवरचा कचरा खाली पडतो, टाकीचं झाकण उघडलं जातं, सगळं मोकळं होतं. श्रेय कार्बोरेटरला जातं.

टाकीचा खरा इलाज म्हणजे उतरवून, आत मूठ-दोन मूठ खडी नाहीतर बारीक नट टाकून, डिटर्जंटच्या पाण्याने हलवून हलवून धुणे, मग गंज काढायचं अ‍ॅसिड, मग लगेच सोड्याच्या पाण्याने धुऊन वाळवणे. वेल्डिंग करायचं असेल तर रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोक्याची, आत वाफ असते, तिथे हौस नको, टाकीचं काम रोज करणाऱ्या माणसाकडेच द्या. पारदर्शक फिल्टर पंपाच्या आधी लावा. तो दिसायला जुना दिसत नाही हे खरं, पण बोनेट उघडून कोण बघतंय.

इथेनॉलचा अजून एक परिणाम गाडी हिट होण्यावर आहे. १ किलो साध्या पेट्रोलला जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला साधारण ९. म्हणजे जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) तोच आणि पेट्रोल बदललं तर मिश्रण पातळ होतं, गाडी उचलत नाही, मधेच फटके मारते आणि गरम चालते. सोलेक्स कार्बोरेटरच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोक मिमीच्या शंभराव्या भागात, तर मेन जेट पाच नंबरने मोठा टाकून प्लगचा रंग बघा. पांढरट राख असेल तर अजून पातळ आहे, चहासारखा तपकिरी आला की थांबा. रीमर घालून जुनाच जेट मोठा करणारे बरेच भेटतील, तसं करू नका, एकदा बिघडला की काय माप होतं तेच कळत नाही.

करंट

पिचकारी उडते आणि गाडी चालू होत नाही, तर करंट. एक जादा प्लग गाडीत ठेवा, कॉइलची जाड वायर डिस्ट्रिब्युटरमधून काढून त्याला लावा, प्लगचं अंग इंजिनच्या लोखंडाला टेकवा, कार्बोरेटरपासून लांब, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, जाड, चट्ट आवाजाची ठिणगी पाहिजे. पिवळी बारीक असेल तर कंडेन्सर नाहीतर कॉइल. काहीच नसेल तर टेस्ट लॅम्प कॉइलच्या पॉईंटकडच्या टोकाला (पॉईंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला करंट जोडणारा-तोडणारा स्विच) आणि अर्थला, म्हणजे इंजिनच्या लोखंडाला, लावून सेल्फ मारा. लॅम्प उघडझाप करतो म्हणजे पॉईंट काम करतायत आणि कॉइलच्या त्या टोकापर्यंत करंट येतोय, मग दोष कॉइलच्या पुढचा किंवा कंडेन्सरचा. सारखा पेटून राहिला तर पॉईंट मिटत नाहीत. पेटतच नाही तर एकतर पॉईंट उघडत नाहीत किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे, नाहीतर करंट येतच नाही, मग मागे जा, स्विच, वायरिंग, अ‍ॅमीटर. (अ‍ॅमीटरचं बघाच, भंगारातला जुना पितळी अ‍ॅमीटर डॅशबोर्डवर शोभून दिसतो, पण सगळ्या गाडीचा करंट त्यातून जातो आणि मागचे नट सैल असले की तापतात.)

कॉइलचा जोड सगळ्यात फसवा. १२ व्होल्टच्या गाड्यांत दोन जातीच्या कॉइल असतात. एक थेट १२ व्होल्टवर चालणारी, तिचा प्रायमरीचा रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास. दुसरी रेझिस्टर मधे घालून चालवायची, ती दीड ओहमच्या आसपास. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. दुसऱ्या जातीची कॉइल भंगारातून आणली आणि रेझिस्टर तिथेच राहिला तर काय होतं? पॉईंट मिटलेले असताना ३ ओहमला साधारण साडेचार अँपिअर, दीड ओहमला नऊ. कॉइल हात लावता येणार नाही अशी तापते, पॉईंट जळतात, आणि वीस मिनिटांनी ठिणगी गायब. नवीन कॉइल लावली तरी जात तीच असेल तर तेच होणार. मल्टिमीटर चारशे-पाचशेला मिळतो, घ्या आणि मोजा, दुकानदाराला विचारू नका.

कंडेन्सर म्हणजे एवढीशी डबी, पण तापल्यावर मरणाऱ्या पार्टमध्ये पहिला नंबर त्याचा. तपासायच्या भानगडीत न पडता एक चालू असलेला जोडीला ठेवा आणि बंद पडल्यावर गरम असतानाच बाहेरून वायर जोडून लावून बघा, गाडी चालू झाली की कळलं. पॉईंटची गॅप साधारण ०.४ मिमी.

खरंच हिट होतेय का

एवढं सगळं झाल्यावर रेडिएटर. लोक सुरुवात इथून करतात म्हणून मी शेवटी ठेवलाय. काटा लाल झाला म्हणून हिट असं धरू नका, कारण मीटर एका गाडीचा आणि सेन्सर दुसऱ्या गाडीचा असेल तर काटा वाट्टेल ते दाखवतो. सेन्सर काढा, त्याची वायर तशीच लावलेली ठेवून फक्त त्याच्या अंगाला अर्थ जोडा, उकळत्या पाण्यात बुडवा आणि काटा कुठे थांबतो तिथे काचेवर खूण करा. आपल्याकडे पाणी साधारण ९८ डिग्रीला उकळतं, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर आहोत आपण. ती खूण म्हणजे तुमची खरी लाल रेघ.

खरंच हिट होत असेल तर आधी सकाळचा पेपर घ्या, इंजिन आणि फॅन चालू असताना पुढच्या जाळीवर धरा. पेपर जाळीला चिकटला पाहिजे. उडून पडला तर इलेक्ट्रिक फॅनच्या दोन वायरी उलट्या आहेत, तो हवा पुढे फेकतोय, आणि हे वाटतं त्यापेक्षा खूप जास्त गाड्यांत सापडतं. चिकटला पण ढिला, तर रेडिएटर आणि जुन्या पद्धतीच्या उंच अरुंद जाळीमधल्या फटी पत्रा-रबर लावून बुजवा, नाहीतर बोनेटमधली गरम हवाच फिरून परत पुढे येते. वरातीच्या चालीला समोरून वारा नसतोच, सगळी भिस्त फॅनवर. आणि गरम हवेला बाहेर जायला वाट पाहिजे, जुन्या गाड्यांच्या बोनेटला बाजूला पट्ट्या-पट्ट्यांच्या खाचा असायच्या त्या शोभेच्या नव्हत्या, खाचा नुसत्या ठोकून उठवून बंद ठेवल्या असतील तर उघडा.

एक उरलं, गरम झाल्यावर सेल्फच जड फिरतो. त्यात बॅटरी बदलायच्या आधी अर्थ बघा. इंजिन रबरावर बसलेलं, चॅसीला जाड रंग, आणि बॅटरीची अर्थ चॅसीला. मग सेल्फचा एवढा करंट परत येणार कुठून? चोकच्या तारेतून नाहीतर अ‍ॅक्सिलरेटरच्या. चोकची तार हाताला गरम लागली की समजून जा. इंजिन ते चॅसी जाड वेणीची पट्टी लावा, दोन्हीकडे रंग घासून लोखंड उघडं करून. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या लोखंडापर्यंत मल्टिमीटरने मोजा, अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ कच्ची.

चाचणी कुठे घ्यायची असं बरेच जण विचारतात. रस्त्यावर नाही. ही गाडी आरटीओच्या हिशोबाने व्हिंटेज नाही, २०२१ च्या नियमात व्हिंटेजसाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं आणि गाडी मूळ रूपात पाहिजे, आपली तर कालच्या शेडमधली. देवराष्ट्रेची ती भंगारातून बनवलेली छोटी जीप आठवत असेल, आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच म्हटलं होतं की रस्त्यावर ती आज ना उद्या अडवणार, आणि २०२२ मध्ये तिच्या बदल्यात बोलेरो दिली. आम्ही गाडी टेम्पोत घालून नेतो, आयोजकांनी परवानगी काढलेली असेल तेवढ्याच मिरवणुकीत चालवतो, आणि चाचणी शेताच्या वाटेवर, भर दुपारी, पहिल्या गिअरमध्ये अर्धा तास सलग. सकाळच्या गारव्यात घेतलेली चाचणी काही कामाची नाही, वरात दुपारच्याच मुहूर्ताची असते.

गाडीत कायम ठेवायचं ते म्हणजे जादा प्लग, कंडेन्सर, टेस्ट लॅम्प, दोन लिटर पाणी, जुनं फडकं, पक्कड, फूटभर चांगला पाईप आणि दोन क्लिपा. बंद पडली की मोबाईलमध्ये लगेच लिहा, टाकी किती भरलेली, किती वेळ चालली, खटकन गेली का आचके देत, झाकणाला आवाज आला का, पिचकारी उडाली का, ठिणगीचा रंग काय. कुणाला विचारायचं झालं तर एवढं घेऊन विचारा, नुसतं "दादा गाडी गरम झाली की बंद पडते" म्हटलं तर समोरचाही रेडिएटर बदलच म्हणेल.